हेअर ट्रान्सप्लांटच्या जोडीला पीआरपी, एक्सोसोम आणि इतर नवे उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरं आनुवंशिक टकलाबद्दल आहेत, म्हणजे कपाळाच्या कोपऱ्यांपासून आणि टाळूवरून हळूहळू विरळ होत जाणाऱ्या केसांबद्दल. चाई, चट्टे आणि स्त्रियांची केसगळती यांचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत. डोस आणि आकडे दिले आहेत ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. त्यावरून स्वतःच औषध सुरू करू नका.

ट्रान्सप्लांट केल्यावर वेगळं औषध कशाला घ्यायचं?

ट्रान्सप्लांटने डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही. असलेल्या केसांची जागा बदलते, एवढंच. मागच्या भागातले केस डीएचटी या हार्मोनला सहसा बळी पडत नाहीत, आणि पुढे आणून लावले तरी हा गुण टिकतो. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि आजची सगळी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. पण पुढच्या भागात आधीपासून असलेल्या केसांमध्ये हा गुण नसतो, ते बारीक होतच राहतात. अठ्ठाविसाव्या वर्षी कपाळावर दोन हजार ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे बारीक झुपके) लावून घेतले आणि नंतर औषध घेतलं नाही, तर पस्तिशीत पुढे दाट पट्टा आणि त्याच्या मागे मोकळी जागा असं डोकं दिसू शकतं. मग ती जागा भरायला पुन्हा मागूनच केस काढावे लागतात, आणि मागचा साठा मोजकाच असतो.

म्हणून या पानावरच्या प्रत्येक उपचाराला आम्ही एकच प्रश्न लावतो : याने मूळचे केस टिकतात का, आणि मागचा साठा वाचतो का?

कोणते उपचार सिद्ध झालेले आहेत आणि कोणते प्रायोगिक?

फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९७ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाली. डोक्याला लावायचं २ टक्के मिनॉक्सिडिल त्याआधी, १९८८ मध्ये आलं होतं. या दोन औषधांमागे मोठ्या आणि लांब चाचण्या आहेत. ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये टकलासाठी मान्य आहे; अमेरिकेत ते प्रोस्टेटसाठी आहे, केसांसाठी नाही.

यानंतर मधली पायरी येते : पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचा दाट द्रव टोचणं), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांचा डर्मा रोलर फिरवणं), कमी ताकदीचा लेझर आणि कमी डोसची मिनॉक्सिडिलची गोळी. यांचे अभ्यास झाले आहेत, काहींचे निकाल चांगले आहेत, पण पद्धत आणि डोस जागोजागी वेगळे. लेझरच्या टोप्यांवर 'एफडीए क्लिअर्ड' लिहिलेलं असतं (एफडीए म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणारी अमेरिकेची सरकारी संस्था). त्याचा अर्थ उपकरण सुरक्षित आणि आधीच्या उपकरणासारखं आहे एवढाच होतो. औषधाला मिळते ती मान्यता यापेक्षा बरीच कडक असते.

खऱ्या अर्थाने प्रायोगिक म्हणजे एक्सोसोम, स्टेम सेलची इंजेक्शनं, व्हर्टेपोर्फिन, पीपी४०५ (अजून चाचणीत असलेलं लावायचं औषध) आणि केसांचं क्लोनिंग. कॉस्मेटिक क्लिनिकच्या दरपत्रकात हे तिन्ही गट एकाच 'कॉम्बो पॅकेज'मध्ये बसवलेले दिसतात. पहिलं काम म्हणजे ते पॅकेज सोडवून, कोणती वस्तू कोणत्या गटातली आहे हे वेगवेगळं लिहून घेणं.

पीआरपी नक्की कसं करतात आणि त्यात चुकतं काय?

तुमचंच साधारण १० ते २० मिलि रक्त, गोठू नये म्हणून सायट्रेट असलेल्या ट्यूबमध्ये घेतात. पहिल्यांदा हळू फिरवून लाल पेशी खाली बसवतात. वरचा पिवळा भाग काढून दुसऱ्यांदा जोरात फिरवतात आणि तळाशी जमलेल्या प्लेटलेट्स थोड्या द्रवात मिसळतात. शेवटी हातात ३ ते ५ मिलि येतं. ते बारीक सुईने साधारण सेंटिमीटरभर अंतरावर, दर टोच्याला ०.०५ ते ०.१ मिलि असं देतात. महिन्याच्या अंतराने तीन बैठका आणि मग दर सहा महिन्यांनी एक, असा सर्वसाधारण क्रम आहे.

चूक बहुधा आकड्यांत असते. साधारण १० लाख प्लेटलेट्स प्रति मायक्रोलिटर हे लक्ष्य धरतात. तुमचा काउंट २ लाख असेल आणि २० मिलि रक्तापासून ४ मिलि केलं, तर पाचपट म्हणजे १० लाख, तेही एकही प्लेटलेट वाया गेली नाही तर. ८ मिलि रक्त एकदाच फिरवून ४ मिलि काढलं, तर फार तर दुप्पट. त्याला पीआरपी म्हणत असले तरी तो जवळपास साधा प्लाझ्माच असतो. म्हणून तीनच गोष्टी विचारा : रक्त किती घेणार, किती वेळा फिरवणार, शेवटी किती मिलि उरणार. सिरिंजमधला द्रव पिवळा हवा. तो लालसर असेल तर लाल पेशी वर आल्या आहेत, आणि त्या टोचल्यावर दुखणं आणि सूज वाढते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहा. नुकताच डेंग्यू झाला असेल तर काउंट पूर्ववत होईपर्यंत पीआरपी नको. शिवाय डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात. त्या काळात पीआरपी केलं तर श्रेय फुकट पीआरपीला जातं.

पीआरपी ट्रान्सप्लांटच्या दिवशीच करावं का?

काही सर्जन ग्राफ्ट पीआरपीत भिजवून ठेवतात, काही केस लावायच्या जागी ते टोचतात. दोन्हींचे अभ्यास छोटे आहेत आणि निकाल एकसारखे नाहीत. तोटा मात्र डोळ्यांना दिसतो. ज्या भागात ग्राफ्ट लावायचे तिथे जास्त द्रव भरला की कातडी फुगते, छिद्रांवर दाब येतो आणि शेजारी ग्राफ्ट लावताना आधी बसवलेला वर उसळून येतो. तो पुन्हा चिमट्यात धरून आत ढकलावा लागतो, आणि त्या चेंगरण्यात मूळ दुखावतं. आमच्या मते पीआरपी करायचंच असेल तर ते ट्रान्सप्लांटनंतर साधारण महिन्याने सुरू करून मूळच्या बारीक केसांसाठी वापरावं. ऑपरेशनच्या दिवसाचा वेळ ग्राफ्ट लवकर आणि न चेंगरता लावण्यात जावा.

एक्सोसोम म्हणजे काय? ते पीआरपीपेक्षा चांगलं आहे म्हणतात.

पेशी बाहेर सोडतात त्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्यांना एक्सोसोम म्हणतात. त्यांच्यातून पेशी एकमेकींना संकेत पाठवतात. बाटलीत मिळणारे एक्सोसोम बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी पेशींपासून प्रयोगशाळेत काढलेले असतात, काही वनस्पतींपासूनचे असतात. पीआरपीत निदान रक्त तुमचंच असतं.

केसांसाठी टोचायचं कोणतंही एक्सोसोम औषध अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेलं नाही. नेब्रास्कात एक्सोसोम दिलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये एफडीएने जाहीर इशाराही दिला. बरीच उत्पादनं सौंदर्यप्रसाधन म्हणून, बाहेरून लावण्यापुरती विकली जातात आणि इथे ती सुईने कातडीत घातली जातात. बाटली स्वतः हातात घेऊन वाचा. 'फक्त बाह्य वापरासाठी' असं लिहिलं असेल तर ते टोचून घेऊ नका. लेबलवर कणांची संख्या अब्जांत लिहिलेली असते. त्यावरून आत काय आहे, ते निर्जंतुक आहे का, वाटेत थंड राहिलं का, यातलं काहीच कळत नाही.

आणि ट्रान्सप्लांटच्या दिवशी डोक्यावर हजारो ताज्या जखमा असतात. मान्यता नसलेला द्रव त्याच दिवशी आत घालणं यापेक्षा वाईट मुहूर्त नाही.

स्टेम सेलचं काय? काही ठिकाणी 'स्टेम सेल ट्रान्सप्लांट' असा फलक असतो.

अनेकदा ते नेहमीचंच एफयूई (एकेक ग्राफ्ट सुटा काढायची पद्धत) असतं, नाव तेवढं वेगळं. कुठे मागच्या कातडीचे तुकडे बारीक करून त्याचा द्रव टोचतात, कुठे पोटाच्या चरबीतून पेशी काढतात. भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसारख्या ठरलेल्या कारणांखेरीज स्टेम सेलचा वापर मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. टक्कल त्या यादीत नाही. त्यामुळे पावती फाडून विकली जाणारी केसांची स्टेम सेल थेरपी आपोआपच नियमाबाहेर जाते.

व्हर्टेपोर्फिन लावलं तर मागे काढलेले केस पुन्हा उगवतात, हे खरं का?

या क्षेत्रातली सर्वांत कुतूहलाची कल्पना हीच आहे, म्हणून जरा सविस्तर. व्हर्टेपोर्फिन हे डोळ्यांच्या पडद्याच्या आजारासाठी २००० सालापासून वापरात असलेलं औषध. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या जखमांत ते टोचलं. जखम भरताना व्रण तयार करणारा यॅप नावाचा संकेत त्याने दाबला गेला आणि त्या जागी व्रणाऐवजी केसांच्या मुळांसकट कातडी तयार झाली.

याचा ट्रान्सप्लांटशी संबंध उघड आहे. एफयूईमध्ये ०.८ ते १ मिमीच्या पंचने प्रत्येक ग्राफ्ट गोल कापून काढतात आणि त्या जागी पांढरा ठिपका राहतो, केस परत येत नाही. तिथे केस परत उगवला, तर मागचा साठा मोजका राहणारच नाही. म्हणून काही मोजक्या सर्जननी थोड्या लोकांच्या डोनर भागात, म्हणजे मागे जिथून केस काढतात तिथे, छोट्या चौकटी आखून हे करून पाहिलं आहे. पण उंदराची कातडी सैल आणि पातळ असते, तिच्या जखमा भरण्याची रीत माणसापेक्षा वेगळी. माणसांवर नियंत्रित आणि मोठी चाचणी झाल्याशिवाय डोस, वेळ किंवा परिणाम यांबद्दल कोणी खात्री देत असेल तर तो अंदाजच आहे. औषध प्रकाशाने जागं होणारं आहे. डोळ्यांसाठी शिरेतून दिल्यावर रुग्णाला पाच दिवस ऊन टाळायला सांगतात, हेही विसरू नका.

व्हर्टेपोर्फिनच्या भरवशावर 'मागून कितीही काढा' असा बेत कोणी मांडत असेल तर तिथून उठा.

डर्मा रोलरने खरंच फरक पडतो का?

याचा सर्वांत जास्त उल्लेख होणारा अभ्यास मुंबईतच झाला, शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० पुरुष घेतले. एका गटाला ५ टक्के मिनॉक्सिडिल दिवसातून दोनदा आणि आठवड्यातून एकदा १.५ मिमीच्या सुयांचा रोलर, दुसऱ्या गटाला फक्त मिनॉक्सिडिल. १२ आठवड्यांनी मोजलेल्या भागात केसांची सरासरी वाढ पहिल्या गटात ९१.४ आणि दुसऱ्यात २२.२ होती. फरक मोठा आहे, पण काळ तीनच महिन्यांचा, आणि रोलर प्रशिक्षित हातांनी फिरवलेला होता.

घरी बिघडतं ते असं : रोज रोलर फिरवतात, रक्त येईपर्यंत दाबतात आणि लगेच त्यावर मिनॉक्सिडिल चोळतात. ताज्या छिद्रांतून औषध जास्त आत जातं, छातीत धडधड होते, डोक्याला आग होते. रोलर फिरवल्यावर मिनॉक्सिडिल २४ तास थांबवा. रोलर घरात दोघांनी वापरायचा नाही, भाऊ-भाऊ असले तरी. सुया वाकल्या की तो फेकून द्या. वाकडी सुई टोचत नाही, ओरखडते. आणि ट्रान्सप्लांट केलेल्या भागावर सहा महिने रोलर नको.

मिनॉक्सिडिलची गोळी घेतली तर लावायची कटकट संपते ना?

संपते, आणि अनेक त्वचारोगतज्ज्ञ आता ०.२५ ते ५ मिलिग्रॅमपर्यंतचा रोजचा डोस देतात. मूळचं हे रक्तदाबाचं औषध आहे, त्यामुळे घोट्यावर सूज, धडधड, चक्कर आणि गालावर-कपाळावर लव वाढणं हे परिणाम ठाऊक असावेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. ट्रान्सप्लांटच्या आधी सर्जनला ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण भुलेच्या इंजेक्शनात अॅड्रिनॅलिन असतं आणि दोन्ही मिळून नाडी वाढू शकते. रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर तेही सांगा.

घरात मांजर असेल तर लावायचं मिनॉक्सिडिल जपून वापरा. उशीवर किंवा हातावर राहिलेलं औषध मांजराने चाटलं तर त्याच्या जिवावर बेततं.

फिनास्टेराइडची भीती वाटते. ते टाळून फक्त ट्रान्सप्लांट आणि पीआरपी चालेल का?

भीती समजण्यासारखी आहे, म्हणून आकडे सांगतो. मान्यतेसाठी झालेल्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के पुरुषांत आढळल्या. बहुतेकांचा त्रास औषध थांबवल्यावर गेला, काहींनी तो टिकल्याचं सांगितलं आहे. आधीपासून नैराश्य असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तातल्या पीएसएचा आकडा या गोळीने निम्म्याच्या आसपास येतो, तेव्हा प्रोस्टेटची तपासणी करताना गोळीचा उल्लेख करा. गर्भवती स्त्रीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

ट्रान्सप्लांटबरोबर ही गोळी किती उपयोगी, याचा नियंत्रित अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ७९ पुरुषांना ऑपरेशनच्या ४ आठवडे आधीपासून नंतर ४८ आठवड्यांपर्यंत फिनास्टेराइड किंवा नकली गोळी दिली. आजूबाजूचे मूळचे केस औषधाच्या गटात जास्त टिकले. पीआरपीच्या बाजूने एवढा स्वच्छ पुरावा नाही. गोळी घ्यायचीच नसेल तर ट्रान्सप्लांटचा आराखडा बदला : केसांची रेषा वर ठेवा, कपाळाचे कोपरे रिकामे सोडा, पुढे लागतील म्हणून मागचे ग्राफ्ट राखून ठेवा.

आधी औषध की आधी ट्रान्सप्लांट?

आधी औषध, निदान सहा महिने, शक्य असेल तर वर्षभर. बारीक झालेले केस जाड झाले की ट्रान्सप्लांटची जागा कमी होते. कधी कधी टाळूचं कामच उरत नाही आणि सगळे ग्राफ्ट कपाळासाठी राहतात.

दुसरं कारण मोजमापाचं. फिनास्टेराइड, मिनॉक्सिडिलची गोळी, पीआरपी आणि एक्सोसोम एकाच महिन्यात सुरू केले आणि केस सुधारले, तर कशाने सुधारले हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मग चारही आयुष्यभर चालू ठेवावे लागतील. घोट्याला सूज आली तर कोणतं थांबवायचं तेही कळणार नाही. एका वेळी एक सुरू करा, मध्ये तीन ते सहा महिने जाऊ द्या.

किती ग्राफ्ट लागतील याचा हिशेब कसा करायचा?

ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस असतात. जागा चौरस सेंटिमीटरमध्ये मोजून त्याला ३५ ते ४० ने गुणा. पुढचा भाग ५० चौ.सेंमी भरला तर १७५० ते २००० ग्राफ्ट. एका चौ.सेंमीमध्ये याहून फार जास्त छिद्रं केली तर रक्तपुरवठा तुटतो आणि दाटपणा उलट कमी होतो.

एका बैठकीत २००० ते ३००० ही बहुतेकांसाठी शहाणपणाची मर्यादा आहे. आयुष्यभरात मिळून सरासरी माणसाकडे ५००० ते ६००० ग्राफ्ट असतात, पातळ डोनर असेल तर त्याहून बरेच कमी. 'एका दिवसात ५५००' अशा जाहिरातीत तुमची जवळपास सगळी पुंजी एका दिवसात संपते. त्यात मागचं डोकं वाळवी लागल्यासारखं विरळ झालं तर कोणतंही प्रायोगिक औषध ते आज भरून काढू शकत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी कशाकडे लक्ष द्यावं?

भुलेचं औषध. अॅड्रिनॅलिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं औषध २४ मिलि. बैठक लांबली की पुन्हा पुन्हा भूल दिली जाते आणि ही मर्यादा नकळत ओलांडते. जीभ बधिर वाटणं, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव ही पहिली लक्षणं, लागलीच सांगा. नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर तुमच्या शेजारी चालू हवा.

दुसरं, ग्राफ्ट कुठे ठेवलेत ते पाहा. थंड सलाइनच्या किंवा खास द्रावणाच्या डिशमध्ये बुडालेले हवेत. ओल्या कापडावर पंख्याखाली ठेवलेला ग्राफ्ट काही मिनिटांत सुकतो, आणि सुकलेला ग्राफ्ट मेलेलाच समजा. थंड ओलाव्यात चार-सहा तास सहसा चालतात. ग्राफ्ट मरण्याची खरी कारणं म्हणजे सुकणं, चेंगरणं आणि मूळ कापलं जाणं. यातलं एकही पीआरपीने दुरुस्त होत नाही.

आधी काय थांबवायचं आणि परत कधी सुरू करायचं?

फिनास्टेराइड सहसा चालूच ठेवतात. लावायचं मिनॉक्सिडिल काही दिवस आधी थांबवून, खपल्या पडल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी सुरू करतात. तेव्हा लोशनपेक्षा फोम बरा, कारण लोशनमधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल ताज्या कातडीला झोंबतं. अॅस्पिरिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. पण हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही. तंबाखू आणि सिगारेट बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ग्राफ्टला पहिले काही दिवस त्यांचाच आधार असतो.

पहिले दहा दिवस कसे काढायचे?

डोकं उंच ठेवून झोपा, दोन-तीन उशा घेऊन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर आणि डोळ्यांभोवती सूज उतरते. दिसायला भीतीदायक, पण बहुधा निरुपद्रवी. पहिलं धुणं दोन-तीन दिवसांनी, मगने हळूच पाणी सोडून, शॉवरची धार थेट नको. ग्राफ्ट नवव्या-दहाव्या दिवशी घट्ट बसतात. त्याआधी खपली उचकटली तर तिच्याबरोबर ग्राफ्टही येतो. हेल्मेट दोन आठवडे नको, म्हणजे तेवढे दिवस दुचाकीही नको. तेलमालीश महिनाभर बंद. वाढणारी वेदना, पू, ताप किंवा मधोमध काळी पडणारी कातडी दिसली तर त्याच दिवशी सर्जनकडे जा, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून वाट बघत बसू नका.

महिन्याभरात लावलेले केस गळून गेले. पैसे बुडाले का?

नाही. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात वरचा केस गळतो आणि मूळ आत विश्रांती घेतं. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येतात, नऊ ते बारा महिन्यांत रूप दिसतं, टाळूवर दीड वर्षही लागतं. शेजारचे मूळचे केसही धक्क्याने गळू शकतात. नेमक्या याच उदास काळात महागड्या 'बूस्टर' बैठका विकल्या जातात आणि चौथ्या महिन्यात आपोआप येणाऱ्या केसांचं श्रेय त्यांना मिळतं. लग्न ठरलं असेल तर तारखेच्या निदान दहा-बारा महिने आधी ट्रान्सप्लांट व्हायला हवं.

फरक पडतोय की नाही हे घरी कसं तपासायचं?

महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, कोरड्या केसांवर, केसांची लांबी सारखी ठेवून पाच फोटो : समोरून, दोन्ही बाजूंनी, टाळू आणि मागून. ओले केस आणि बाथरूमचा वरचा दिवा यांत चांगलं डोकंही टकलं दिसतं. क्लिनिकमध्ये डर्मोस्कोपने (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) त्याच ठरलेल्या चौकटीतले केस मोजून घेतले तर उत्तम. वर्षभरात आकडा हलला नाही तर तो उपचार थांबवा.

केसांचं क्लोनिंग किंवा नवी औषधं येईपर्यंत थांबू का?

क्लोनिंगची अडचण जुनीच आहे. केसाच्या मुळाशी असलेल्या पॅपिला पेशी काचेच्या सपाट बशीत वाढवल्या की नवा केस घडवण्याचा गुण हरवतात. २०१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने त्यांना गोळ्याच्या आकारात वाढवून तो गुण काही अंशी परत आणला. तिथपासून माणसाच्या डोक्यावर हवा त्या दिशेला, हवा त्या रंगाचा केस उगवण्यापर्यंतचा रस्ता अजून पूर्ण झालेला नाही.

औषधांत क्लास्कोटेरोन हे लावायचं हार्मोनविरोधी औषध अमेरिकेत २०२० पासून मुरुमांसाठी १ टक्का क्रीम म्हणून आहे. टकलासाठी त्याचं ५ टक्क्यांचं द्रावण तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेलं. त्याच जातीचं पायरिल्युटामाइड चीनमधल्या तिसऱ्या टप्प्यात २०२३ मध्ये नकली औषधापेक्षा ठोसपणे सरस ठरलं नाही. टकलावर लावायला आरयू५८८४१ नावाच्या रसायनाची पावडर ऑनलाइन मागवून घरी मिसळणारे लोक आहेत. ते कुठेही मान्य झालेलं औषध नाही. ते करू नका.

वाट बघत बसण्याऐवजी आज सिद्ध औषधाने मूळचे केस टिकवा आणि मागचा साठा उरवून ठेवा. नवं काही आलं तर त्याचा उपयोग करायला केस शिल्लक असतील.

स्त्रियांनी ट्रान्सप्लांट करावं का?

आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि गरज वाटल्यास पीसीओएसच्या तपासण्या. अनेक स्त्रियांचे केस मागेही विरळ होतात, मग काढणार कुठून? वर्षानुवर्षं घट्ट अंबाडा किंवा ओढून बांधलेल्या वेणीने कपाळाची कडा गेली असेल आणि ती सवय सुटली असेल, तर ट्रान्सप्लांट छान जमतं. गर्भधारणेचा विचार असेल तर फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड नको. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना मिनॉक्सिडिलही नको.

चाई किंवा चट्टे असतील तर?

चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर हल्ला करते, आणि लावलेल्या केसांवरही करू शकते. त्यासाठी बॅरिसिटिनिबसारखी औषधं आहेत, ते २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मान्य झालं. आनुवंशिक टकलावर त्याचा उपयोग नाही. गुळगुळीत चकाकणारे चट्टे, आग, खाज, मुळाशी लाली असेल तर आधी बायोप्सी. लायकेन प्लॅनोपिलॅरिस (मुळं नष्ट करून असे चट्टे पाडणारा आजार) असताना ट्रान्सप्लांट केलं तर आजार चेतू शकतो. तो वर्ष-दोन वर्षं शांत राहिल्याशिवाय सर्जन हात लावत नाहीत.

कोणाकडे जावं, आणि ट्रायलमध्ये भाग घ्यावा का?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या सूचनांनुसार ट्रान्सप्लांट प्लास्टिक सर्जनने किंवा प्रशिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने करायचं आहे. यूट्यूब बघून शिकणं हे प्रशिक्षण धरलं जाणार नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. पंच कोण मारणार आणि छिद्रं कोण करणार, डॉक्टर की टेक्निशियन, हे संमतीपत्रावर लिहून मागा.

ट्रायल खरी असेल तर तिचा सीटीआरआयचा (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक असतो, तो संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. एथिक्स कमिटीची मंजुरी असते, संमतीपत्र मराठीत मिळतं, प्रायोगिक औषधाचे पैसे घेतले जात नाहीत, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे मोफत उपचार आणि भरपाई असते. पैसे मागितले आणि क्रमांक दिला नाही, तर ती विक्री आहे. आधी ट्रान्सप्लांट झालं असेल तर बऱ्याच ट्रायल तुम्हाला घेणार नाहीत, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच तपासा.

ट्रान्सप्लांटनंतर घरात दुःखद प्रसंग आला आणि क्षौर करावं लागलं तर? तिरुपतीला केस द्यायचे असतील तर?

मुळं कातडीच्या आत चार-पाच मिलिमीटरवर असतात, वस्तऱ्याने त्यांना काही होत नाही. केस पुन्हा येतात. फक्त पहिला महिना वस्तरा नको, आणि तीन महिन्यांपर्यंत शक्यतो मशीनने बारीक करून भागवा. टोचे दिलेल्या भागावर पीआरपीनंतर तीन-चार दिवस आणि रोलरनंतर आठवडाभर वस्तरा टाळा. एफयूई झालेल्या माणसाच्या मागच्या भागात गुळगुळीत केल्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतील, मागून कातडीची पट्टी कापून काढायच्या जुन्या पद्धतीत कानापासून कानापर्यंत रेघ दिसेल. ज्यांना नवसासाठी किंवा सवयीने वरचेवर डोकं गुळगुळीत करायचं असतं, त्यांनी ही गोष्ट सर्जनला पद्धत ठरवण्याआधी सांगावी.